द्रवचालित क्लचचे दोषनिदान (जुने पिकअप ट्रक)

द्रवचालित क्लच (हायड्रॉलिक क्लच) म्हणजे चालकाच्या पायाचा जोर केबल अथवा सळ्यांऐवजी नळीत कोंडलेल्या द्रवामार्फत क्लचपर्यंत पोहोचविणारी यंत्रणा होय. हाताने गिअर बदलण्याच्या पिकअप ट्रकांत ही यंत्रणा १९८० च्या दशकात सर्वत्र रूढ झाली. टोयोटा हायलक्स, फोर्ड रेंजर, फोर्ड एफ मालिका आणि शेव्हरोलेचे पिकअप ही तिची परिचित उदाहरणे आहेत. यांतील पुष्कळ वाहने तीस-चाळीस वर्षांनंतरही कामावर आहेत आणि त्यांचा क्लच बिघडला की दोष नेमका कोठे आहे हे ठरविणे ही दुरुस्तीतील सर्वांत अवघड पायरी ठरते. पेडलजवळचा झिजलेला बुश आणि गिअरबॉक्सच्या पोटातील तुटलेला भाग या दोहोंची लक्षणे चालकाला जवळजवळ सारखीच जाणवतात. पहिल्याची दुरुस्ती तासाभरात होते, तर दुसऱ्यासाठी संपूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. निदान चुकले तर गिअरबॉक्स विनाकारण उतरविला जातो आणि परत बसविल्यावर मूळ तक्रार तशीच राहते.

रचना व कार्य

क्लचचे पेडल दाबले असता त्याला जोडलेली दांडी (पुश रॉड) मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे ढकलते. मास्टर सिलिंडर बहुधा चालकाच्या पायापुढील पत्र्याच्या भिंतीवर, इंजिनाच्या बाजूस बसविलेला असतो. त्याच्यावर किंवा त्याच्याजवळ द्रवाची लहान टाकी असते. दट्ट्या किंचित पुढे सरकताच टाकीकडून येणारे बारीक छिद्र बंद होते आणि पुढील द्रव नळीवाटे स्लेव्ह सिलिंडरकडे जातो. स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या क्लच फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे नेतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे दाबते आणि फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट धरलेली क्लच प्लेट मोकळी होते. इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध त्या क्षणी तुटतो.

या साखळीत पास्कलच्या नियमाचा उपयोग होतो. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. म्हणून मोठ्या व्यासाच्या दट्ट्यावर जास्त जोर मिळतो आणि त्या बदल्यात त्याचे सरकणे कमी होते. उदाहरणादाखल मास्टर सिलिंडरचा व्यास १६ मिलिमीटर आणि स्लेव्ह सिलिंडरचा २० मिलिमीटर मानू. मास्टरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा दट्ट्या १६ मिलिमीटर सरकेल आणि जोर सुमारे दीडपट होईल. या साऱ्या व्यवहारात हलणारा द्रव जेमतेम ५ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमचाभर असतो. एवढ्याशा द्रवात १ मिलिलिटर हवा शिरली तर दाबाखाली ती आक्रसते आणि स्लेव्हच्या १६ मिलिमीटरांपैकी सुमारे ३ मिलिमीटर हालचाल नाहीशी होते. द्रवचालित क्लचच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या हिशेबात आहे. यंत्रणेत उधळायला हालचाल फारशी शिल्लकच नसते.

सळ्यांची जुनी जोडणी मागे पडण्याची कारणेही याच रचनेत दिसतात. रबरी आधारांवर बसविलेले इंजिन हलते, सळ्या व त्यांचे सांधे झिजतात आणि त्यांना ठरावीक सरळ वाट लागते. नळी मात्र कोठूनही वळवून नेता येते. शिवाय द्रवचालित क्लच बहुधा आपोआप जुळवून घेतो. प्लेट झिजेल तसतसे पेडलचे अंतर पुन्हा जुळवावे लागत नाही.

बाहेरचा आणि आतला स्लेव्ह सिलिंडर

दोषनिदानाच्या दृष्टीने वाहनांचे दोन गट पडतात. हायलक्ससारख्या वाहनांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या पुढील घुमटाकार कवचाच्या (बेल हाउसिंगच्या) बाहेर दोन बोल्टांनी बसविलेला असतो. तो डोळ्यांना दिसतो, त्याच्या दांडीची हालचाल मोजता येते आणि गिअरबॉक्सला हात न लावता तो बदलता येतो. फोर्ड रेंजरसारख्या वाहनांत तो कवचाच्या आत, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती कड्यासारखा बसविलेला असतो आणि रिलीज बेअरिंग थेट त्याच्यावरच असते. या प्रकाराला समकेंद्री स्लेव्ह सिलिंडर म्हणतात. फोर्क व त्याचा टेकू यांची गरज संपते, म्हणून रचना सुटसुटीत होते. परंतु एक रबरी सील फाटले तरी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. कारखान्यातील जुळणीला सोयीची अशी ही योजना दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र गैरसोयीची आहे. या गटातील वाहनाची क्लच प्लेट बदलताना स्लेव्ह सिलिंडर चांगला दिसत असला तरी तोही बदलावा, असा सर्वमान्य प्रघात आहे.

द्रव

क्लचमध्ये ब्रेकचेच तेल वापरतात. व्यवहारात त्याला तेल म्हणत असले तरी ते खनिज तेल नव्हे. बहुतेक जुन्या वाहनांतील डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचा द्रव ग्लायकॉल ईथरवर आधारलेला असतो. इंजिन तेल, स्टिअरिंगचे तेल किंवा अन्य कोणतेही खनिज तेल टाकीत पडल्यास रबरी सील फुगतात आणि संपूर्ण यंत्रणेतील रबर बदलावे लागते. कमी पडले म्हणून हाताशी असलेले तेल ओतण्याची चूक म्हणूनच महागात पडते.

हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. कोऱ्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ३.७ टक्के पाणी मुरल्यानंतरची मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. धूर सोडणाऱ्या नळीजवळून क्लचची नळी जात असेल आणि द्रव वर्षानुवर्षे बदललेला नसेल, तर चढावर किंवा ओझे ओढताना द्रवाची वाफ होऊन पेडल खाली जाते आणि वाहन थंड झाल्यावर पूर्ववत होते. पाण्यामुळे सिलिंडरची आतील भिंतही गंजते. सिलिकॉनवर आधारलेला डॉट ५ द्रव डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नये, डॉट ५.१ मात्र नावात साम्य असूनही ग्लायकॉल गटातीलच आहे.

टाकीतील पातळीविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. ब्रेकचे पॅड झिजतात तशी ब्रेकच्या टाकीतील पातळी थोडी उतरते, हे पुष्कळांना ठाऊक असते आणि तोच नियम क्लचला लावला जातो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. क्लच प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटे बेअरिंगकडे सरकतात, स्लेव्हचा दट्ट्या आणखी आत ढकलला जातो आणि तेथील द्रव टाकीकडे परततो. म्हणजे झिजेबरोबर क्लचच्या टाकीतील पातळी किंचित वाढते. ती उतरत असेल तर गळती आहे, याला दुसरा अर्थ नाही.

लक्षणे

सर्वांत अधिक आढळणारी तक्रार म्हणजे क्लच पूर्ण न सुटणे. पेडल तळापर्यंत दाबूनही गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना खरखर होते, किंवा गिअर टाकून थांबलेले वाहन हळूहळू पुढे सरकते. रिव्हर्स गिअरला पुष्कळ गिअरबॉक्सांत सिंक्रोनायझर नसतो, म्हणून क्लचचा दोष तेथे आधी ऐकू येतो. खात्री करण्यासाठी इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहतात. ते सहज पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावरच अडत असतील, तर दोष गिअरबॉक्सचा नसून क्लचचा आहे, असे बहुधा धरून चालता येते. दुसरी चाचणी अशी: मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू असताना न्यूट्रलमध्ये पेडल पूर्ण दाबून सुमारे दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. एवढ्या वेळात क्लच प्लेट थांबायला हवी. तरीही खरखर झाली तर प्लेट अजून फिरते आहे.

पेडल मऊ लागते आणि दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर नीट पडतो, याचा अर्थ बहुधा नळीत हवा आहे. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जात राहते, परंतु बाहेर कोठेही ओल नाही आणि टाकीही भरलेली आहे, तर मास्टर सिलिंडरमधील मुख्य रबरी वॉशर द्रव अडवू शकत नाही आणि द्रव दट्ट्याला वळसा घालून मागे परततो आहे. पेडल नेहमीसारखे कडक आहे आणि तरीही क्लच सुटत नाही, तेव्हा लक्ष नळीकडून काढून यांत्रिक भागांकडे वळवावे लागते.

क्लच घसरणे, म्हणजे इंजिनाचा वेग वाढूनही वाहनाचा वेग न वाढणे, ही तक्रार निराळी आहे. तिचे कारण बहुतेक वेळा झिजलेली किंवा तेलकट झालेली प्लेट हेच असते. क्वचित मात्र दोष द्रवाच्या बाजूस निघतो. मास्टरच्या दांडीला थोडीही मोकळीक ठेवली नसेल किंवा टाकीकडील बारीक छिद्र घाणीने अथवा फुगलेल्या रबराने बुजले असेल, तर पाय उचलल्यावरही नळीत दाब उरतो आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. पेडल मोकळे असताना स्लेव्हवरील हवा काढण्याचा स्क्रू क्षणभर सैल केल्यास द्रव जोराने उडतो आणि घसरणे थांबते. असे घडल्यास नवी प्लेट टाकूनही उपयोग झाला नसता, हे उघड होते. रबरी नळीचा आतील थर सोलवटून झडपेसारखा अडला तरीही क्लच उशिरा पकडतो.

आवाजांवरूनही काही अनुमान काढता येते. पेडल दाबताच सुरू होणारी घरघर बहुधा रिलीज बेअरिंगची असते. न्यूट्रलमध्ये, पाय काढलेला असताना येणारा आणि पेडल दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगकडे बोट दाखवितो.

तपासणीचा क्रम

पहिले काम म्हणजे ओल शोधणे. टाकीची पातळी पाहून तीन जागा तपासतात. पहिली जागा चालकाच्या पायाजवळ, जेथे मास्टरची दांडी भिंतीतून आत येते. मास्टरचा मागील सील गेला की द्रव इंजिनाच्या बाजूस न दिसता गालिच्याखाली मुरतो आणि तेथील रंग सुटू लागतो. दुसरी जागा बाहेरच्या स्लेव्हचे रबरी टोपण. ते मागे सारल्यावर आतून द्रव ठिबकल्यास सील फाटले आहे. तिसरी जागा कवचाचा खालचा भाग. समकेंद्री स्लेव्ह असलेल्या वाहनात तेथून पडणारा थेंब इंजिन तेलाचा, गिअर तेलाचा की ब्रेक तेलाचा हे ओळखावे लागते. ब्रेक तेल पातळ असते आणि पाण्यात मिसळते, म्हणून थेंब पाण्याच्या वाटीत सोडून पाहणे हा साधा उपाय आहे. इतर दोन तेले वर तरंगतात.

त्यानंतर पेडलची जोडणी पाहावी. ही पायरी वगळली जाते आणि तीच पुष्कळदा निर्णायक ठरते. पेडलच्या आसातील प्लॅस्टिकचे बुश, दांडीचे भोक आणि पिन झिजून तेथे ३ मिलिमीटर ढिलाई आली, तर वरील उदाहरणातील स्लेव्हची जवळजवळ २ मिलिमीटर हालचाल वाया जाते. १९८० व १९९० च्या दशकांतील फोर्ड एफ मालिकेच्या ट्रकांत याखेरीज आणखी एक दुखणे प्रसिद्ध आहे. मास्टर सिलिंडर ज्या पत्र्याच्या भिंतीवर बसविलेला असतो ती भिंत वर्षानुवर्षांच्या दाबाने वाकते आणि सिलिंडरभोवती तडकते. पेडल दाबले की दट्ट्या पुढे जाण्याऐवजी संपूर्ण सिलिंडरच पुढे झुकतो. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने इंजिनाच्या बाजूने मास्टरकडे पाहावे; तो हलताना स्पष्ट दिसतो. अशा वाहनात मास्टर, स्लेव्ह आणि प्लेट सर्व नवे बसवूनही तक्रार जात नाही. उपाय म्हणजे भिंतीला मागून जाड पट्टी लावून ती भक्कम करणे.

बाहेरचा स्लेव्ह असेल तर यानंतर मोजपट्टी हातात घ्यावी. पेडल सैल असताना आणि पूर्ण दाबले असताना स्लेव्हची दांडी किती सरकते ते मोजून वाहनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहतात. या एका मोजमापाने प्रश्नाचे दोन तुकडे होतात. हालचाल अपुरी असेल तर दोष पेडलपासून स्लेव्हपर्यंतच्या मार्गात आहे. ती पुरेशी असूनही क्लच सुटत नसेल तर दोष कवचाच्या आत आहे: वाकलेला किंवा तडकलेला फोर्क, झिजलेला टेकू, मोडलेली बोटे, वेडीवाकडी झालेली प्लेट, अडकलेले पायलट बेअरिंग, किंवा गंजामुळे फ्लायव्हीलला चिकटलेली प्लेट. शेवटचा प्रकार ओल्या जागेत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ट्रकांत आढळतो. समकेंद्री स्लेव्हच्या वाहनात असे मोजमाप घेता येत नाही. तेथे ओल, पेडलची कडकपणा-मऊपणा आणि हवा काढल्यावर पडणारा फरक यांवरच विसंबावे लागते.

हालचाल अपुरी ठरल्यास मास्टर की स्लेव्ह, हा प्रश्न उरतो. मास्टरच्या तोंडाशी नळी सोडवून तेथे योग्य आट्यांचे बूच घट्ट बसवितात आणि आतील हवा काढून पेडल दाबतात. पेडल दगडासारखे कडक राहिले तर मास्टर ठीक आहे. ते दबत गेले तर मास्टरच दोषी आहे. समकेंद्री स्लेव्हच्या वाहनात गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी ही चाचणी अवश्य करावी.

हवा काढणे

यंत्रणा एकदा उघडली की हवा काढावी लागते. दोघांनी मिळून करण्याची पद्धत सर्वत्र परिचित आहे: एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने स्लेव्हवरील स्क्रू सैल करून हवा व द्रव बाहेर जाऊ द्यायचा, स्क्रू घट्ट केल्यानंतरच पेडल वर येऊ द्यायचे. मधूनमधून टाकी भरत राहावी लागते. ती एकदा रिकामी झाली की सारे श्रम पुन्हा पहिल्यापासून. क्लचच्या बाबतीत मात्र ही पद्धत ब्रेकइतकी खात्रीची नाही. एका दाबात हलणारा द्रव अगदी थोडा असल्यामुळे बुडबुडा नळीच्या उंच वळणात पुढे-मागे होत तेथेच राहतो. म्हणून टाकीचे झाकण आणि खालचा स्क्रू उघडून द्रव स्वतःच्या वजनाने संथपणे वाहू देणे, किंवा खालच्या स्क्रूतून पिचकारीने द्रव वर चढविणे, या पद्धती पुष्कळदा अधिक उपयोगी पडतात. हवेचा कल वर जाण्याचा असल्यामुळे दुसरी पद्धत स्वाभाविकही आहे.

बाहेरचा स्लेव्ह असल्यास आणखी एक सोपी युक्ती आहे. तो सोडवून स्क्रूचे तोंड वर येईल असा धरावा आणि त्याची दांडी हाताने सावकाश आत दाबून सोडावी. बुडबुडे टाकीत वर येताना दिसतात. त्या वेळी कोणीही पेडल दाबता कामा नये, नाहीतर दट्ट्या सिलिंडरबाहेर उडतो. फोर्ड रेंजरचा मास्टर सिलिंडर तिरका बसविलेला असतो आणि हवा त्याच्या वरच्या टोकात अडकून राहते. म्हणून तो जागेवरून सोडवून, नळी न काढता, हवेला टाकीकडे वाट मिळेल अशा कलाने धरून दांडी थोडी थोडी दाबतात. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे चांगले मास्टर सिलिंडर खराब समजून बदलले गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

दुरुस्ती

जुन्या सिलिंडरांसाठी रबरी वॉशरांचे किट मिळते. सिलिंडरची आतील भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तरच त्याचा उपयोग. गंजाचे खड्डे पडलेल्या भिंतीवर नवे रबर काही आठवड्यांत कापले जाते. नवी क्लच प्लेट टाकल्यावर थोड्याच दिवसांत बाहेरचा स्लेव्ह गळू लागण्याचे गूढही यातच आहे. प्लेट झिजलेली असताना दट्ट्या सिलिंडरच्या तळाकडील भागात फिरत असतो. नवी प्लेट बसविली की तो बाहेरच्या तोंडाकडे सरकतो, आणि तो भाग इतकी वर्षे ओल व धूळ खात गंजलेला असतो. गळती कारागिराच्या हलगर्जीपणामुळे झाली, असा समज मालकाने करून घेणे म्हणूनच नेहमी न्याय्य नसते.

काही नव्या स्लेव्ह सिलिंडरांची दांडी प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेली येते. ती पट्टी कापायची नसते. बसविल्यानंतर पहिल्यांदा पेडल दाबले की ती आपोआप तुटते.

महाराष्ट्रातील गॅरेजांत या कामांची नावे इंग्रजी व मराठी यांच्या मिश्रणातून घडली आहेत. हवा काढण्याला ‘एअर काढणे’, सीलला ‘वायसर’ किंवा नुसते ‘रबर’ आणि द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ असे म्हणतात.

धोके

क्लच नीट सुटत नसलेले वाहन गिअरमध्ये सुरू केल्यास झेप घेते. अमेरिकेतील पुष्कळ पिकअपांत पेडल पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा स्विच याच कारणासाठी बसविलेला असतो. तो त्रासदायक वाटतो म्हणून तारा जोडून निकामी करणे धोक्याचे आहे. वाहनाखाली कोणी असताना इंजिन सुरू करू नये, चाकांना उटी लावावी आणि वाहन केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये. ब्रेक तेल रंग खाते आणि डोळ्यांची तीव्र आग करते. सांडल्यास ते लगेच पाण्याने धुवावे. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टस असण्याची शक्यता असल्याने कवचातील काळी धूळ दाबाच्या हवेने उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेतात.